मेळपट्टी

आमच्या ह्यांना एकच शब्द येतो. ‘बघू.’

तसा हा शब्द त्यांचा जुनाच. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारायचं काम त्यांनी उभा जन्म केलं. दिवसभर ट्रॅक्टरांच्या रांगांमधून ओरडत फिरायचं आणि घरी आलं की तोंड शिवून बसायचं. भाचीच्या लग्नाला जायचं का? बघू. स्वयंपाकघराला रंग काढायचा का? बघू. मी वैतागून म्हणायचे, तुम्हाला दुसरा शब्दच येत नाही का हो? मग मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली, उजवं अंग गेलं, वाचा गेली आणि खरोखरच तेवढा एक शब्द मागे राहिला. मी नर्स आहे. अशा रोग्यांचा एखादाच शब्द शिल्लक राहतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी देवाने माझं बोलणं इतकं मनावर घ्यायला नको होतं.

पण आमचं त्या एका शब्दावर छान चाललं होतं. ‘बघू’ म्हणजे चहा, ‘बघू’ म्हणजे पाठीखालची उशी सरकली, ‘बघू’ म्हणजे बहिणीशी फोनवर फार वेळ झाला, आता पुरे. मला ते कळायचं. कसं, ते विचारू नका. आवाजात तर काडीचा फरक नसायचा. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांची पाटी दिली होती. ह्यांचं बोट चहावर जायचं म्हणून निघायचं आणि पडायचं छत्रीवर, मग पाटीच भिरकावून द्यायचे. बोलणं ओळखणारं एक यंत्रही आणलं. त्याने आठवडाभर अभ्यास केला आणि पडद्यावर लिहून दाखवलं, ‘बघू’. मी मात्र कित्येकदा ते तोंड उघडायच्या आधीच उठलेली असायचे.

माझी नोकरी घरूनच होती. दूरदूरच्या तालुक्यांत अतिदक्षता विभाग बांधले गेले, यंत्रं आली, पण त्या यंत्रांकडे चोवीस तास जाणत्या नजरेने बघणारी माणसं कुठून आणायची? म्हणून नाशिकला आमचं केंद्र निघालं. तिकडच्या खाटांवरचे नाडीचे, श्वासाचे, रक्तदाबाचे आकडे आमच्या पडद्यांवर येत. कोणी घसरतंय असं वाटलं की आम्ही तिथल्या सिस्टरला फोन करायचा. माझं टेबल ह्यांच्या खाटेला लागूनच होतं. एक डोळा घाटापलीकडच्या रोग्यांवर, एक ह्यांच्यावर. मला वाटायचं, असंच जाऊ दे सगळं.

मग केंद्राचा आदेश आला. घरून काम बंद. सर्वांनी गंगापूर रोडच्या इमारतीत हजर व्हायचं.

मी केंद्रप्रमुखांना, डॉक्टर सबनिसांना फोन लावला. माणूस चांगला, पण बोलताना समोरच्याला वर्गात बसवतो.

“सर, माझ्या कामात काही खोट आहे का?”

“अजिबात नाही, कुमुदताई. एकेकट्या तुम्ही सगळ्या उत्तम आहात. गोची दोघींच्या मधल्या जागेत आहे.”

ती मधली जागा मला माहीत होती. गेल्या उन्हाळ्यात एका बाळंतिणीचा रक्तदाब उतरत गेला. आमच्यातल्या दोघींनी, आपापल्या घरून, ते पाहिलं. प्रत्येकीला वाटलं दुसरीने फोन केला असेल. ती बाई गेली. त्या दोघींपैकी एकीने नंतर काम सोडलं.

“पण सर, ह्यांचं कोण बघणार?”

“केंद्र माणूस देईल. चांगल्या बाई देऊ. तुम्ही एकदा येऊन बघा तर.”

त्यांनी दिलेल्या अलकाताई खरोखरच चांगल्या निघाल्या. तक्रारीला जागाच उरली नाही. मी दाराबाहेर पडताना हे म्हणाले, “बघू.” लवकर ये, असं म्हणत होते. तेव्हा मला ते स्वच्छ कळलं होतं.

पहिल्या दिवशी सबनिसांनी आम्हा आठजणींना सगळं समजावलं. दोन माणसं एका खोलीत एकाच कामात गुंतली की त्यांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी हळूहळू एका ठेक्यात येतात. आई आणि अंगावर पिणारं बाळ, जुगलबंदी करणारे दोघे, पेशंट उचलणाऱ्या दोन आया, सगळ्यांत हे होतं आणि ते मोजता येतं. ठेका जुळला की समोरचा काय करणार ते क्षणभर आधी कळतं. आता कानामागे लावायची एक पट्टी निघाली होती. ती तुमच्या मेंदूचा ठेका ऐकते, छतात बसवलेल्या यंत्रांमार्फत बाकीच्यांच्या ठेक्याशी ताडून पाहते आणि अगदी मंद स्पंद देऊन तुम्हाला त्यांच्याकडे सरकवते. झोक्याला योग्य क्षणी नुसतं बोट लावलं तरी तो उंच जातो, तेवढंच हे बळ. अडचण फक्त एक होती. इंटरनेटवरून जाताना प्रत्येक गोष्टीला किंचित उशीर होतो. गप्पा मारायला तो उशीर चालतो, लहरींना चालत नाही. म्हणून खोली एकच हवी.

आम्ही तिला मेळपट्टी म्हणायला लागलो. मी तर पहिले काही दिवस नाक मुरडूनच ती लावत होते. शेजारच्या खुर्चीवर फ्लोरा साळवे बसायची, माझ्याहून वयाने लहान, मिशन हॉस्पिटलमध्ये तयार झालेली. ती म्हणाली, “ताई, मला तर डोक्यात कोणी तेल घालून चंपी केल्यासारखं वाटतंय.” मला काहीच वाटत नव्हतं.

एका सकाळी मी माझे पडदे बघत होते आणि एकाएकी मान वळली. का वळली ते मला माहीत नव्हतं. पाहते तर आठही माना एकाच पडद्याकडे वळलेल्या. सापाने दंश केलेला एक मुलगा होता. आकडे अजून ठीक होते, यंत्राचा गजर वाजला नव्हता. पण कोणाला त्याचा श्वास वेगळा दिसला होता, कोणाला त्याच्या पापण्या जड वाटल्या होत्या, कोणाला औषधाची वेळ आठवली होती, आणि ते सगळं मिळून आम्हाला एकदम कळलं. फ्लोराने फोन उचलला तेव्हा मी त्याची कागदपत्रं उघडलेली होती, माझ्या पलीकडची डॉक्टरांना फोन जोडून देत होती. कोणी कोणाला एक शब्द सांगितला नाही. तिथल्या सिस्टरने श्वासाची नळी घातली आणि मग गजर वाजला. तो मुलगा जगला.

खरं सांगते, मला ते फार आवडलं. इतकी वर्षं मी एकटी बसून काम करत होते, आणि आता काम करताना मला एकटं वाटत नव्हतं. घरी जाताना बिनचालकाच्या बसमध्ये मी स्वतःशीच हसत होते.

घरी आले. हे म्हणाले, “बघू.”

मी उशी सारखी केली. त्यांनी डोळे मिटले. हे त्यांचं ‘नाही’. बरोबर ओळखलं तर मान हलवायची, चुकलं तर डोळे मिटायचे. मी पंखा बंद केला. डोळे मिटलेले. चहा? पेपर? खिडकी? शेवटी निघालं पायावरचं पांघरूण. मी म्हटलं, दमलेय आज, म्हणून झालं असेल. त्यांनीही ते मान्य केल्यासारखं दिसलं.

पण मग ते रोजचं झालं. पावसाळा संपेपर्यंत माझी गत अशी झाली की हे ‘बघू’ म्हणायचे आणि मी परक्या गावच्या बाईसारखी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. एकेका वस्तूचं नाव घेत सुटायचं आणि मान कधी हलते ते पाहायचं. अलकाताईंना तर पहिल्यापासून तसंच करावं लागत होतं. एकदा त्या मला धीर द्यायला म्हणाल्या, “ताई, दादांचं मलाबी काई कळत नाय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” त्या भल्या हेतूने बोलल्या, पण मला ते फार लागलं.

मी सबनिसांच्या केबिनमध्ये गेले. मला वाटलं, म्हणतील वयोमानाने होतं, थकवा आहे, सुट्टी घ्या. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी माझ्या मेंदूचे पहिल्या दिवसाचे आलेख काढले, आताचे काढले आणि बराच वेळ बघत बसले.

“हे बघा,” ते म्हणाले. “तुम्ही आलात तेव्हा तुमच्या लहरींत एक संथ ठेका होता. इतर कोणाच्यात नव्हता. आम्ही तो दोष समजलो. पट्टीने तो आधी पुसला, मगच तुम्ही बाकीच्यांशी जुळलात.”

“तो काय होता?”

“यजमानांच्या मेंदूला इजा झाली आहे. त्याचा ठेका संथ झालाय. तुम्ही वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसलात. तुमचा मेंदू त्यांच्यासाठी संथ चालायला शिकला होता.” त्यांनी पहिल्या दिवसाचा आलेख माझ्याकडे सरकवला. “मेळ तुमच्या घरीही होता, कुमुदताई. कोणत्याही यंत्राशिवाय.”

“मग बाकीच्यांना हा त्रास का नाही?”

“होत असेल. पण बाकीच्यांच्या घरी शब्द आहेत. नवऱ्याचं काही कळलं नाही तर तो तोंडाने सांगतो. थोडी कुरबूर होते, भागून जातं.”

मी म्हटलं, मला परत घरून काम द्या. त्यांनी हात टेबलावर ठेवले. घरून काम आता कोणालाच नाही, त्या बाळंतिणीनंतर तर नाहीच. नोकरी सोडायची असेल तर सोडता येईल, पण माझ्या जागी नवीन बाई जुळवायला काही महिने जातील आणि तोवर खाटा तशाच भरलेल्या असतील. मी विचारलं, आणि सोडून पूर्वीचा ठेका परत येईल का?

“सांगता येत नाही,” ते म्हणाले. “असं पुसलेलं परत आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. कारण अशी तक्रार घेऊन माझ्याकडे कोणी आलेलंच नाही.”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडून काय सांगणार होते? त्या साप चावलेल्या मुलाला परत मरणाच्या दारात नेऊन ठेवा, असं?

मग मीच म्हटलं, “ह्यांनाच एक पट्टी लावून बघू या का?”

ते नाही म्हणाले. इजा झालेल्या मेंदूला स्पंद दिले तर झटके येऊ शकतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्यांनाही बघायचं आहे. शास्त्रज्ञ माणूस, मोह कुठे सुटतो? खंडेनवमीला केंद्रात यंत्रांची पूजा असते, घरची माणसं येतात. त्या दिवशी थोडा वेळ, स्वतःच्या देखरेखीखाली, एवढं ते कबूल झाले.

खंडेनवमीला पडद्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. काम चालूच होतं, रोग्यांना कसली खंडेनवमी? आम्ही पट्ट्या लावून खुर्च्यांवर बसलो होतो आणि आमचीच माणसं मागे पेढे खात उभी होती. ह्यांना मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. चाकाच्या खुर्चीवरून ते आत आले, छताकडे पाहिलं, माळांकडे पाहिलं. सबनिसांनी त्यांच्या कानामागे पट्टी लावली आणि स्पंद अगदी कमी ठेवले.

बराच वेळ काही झालं नाही. मग मला वाटलं, खोली मंदावली आहे. माझा श्वास लांबला. फ्लोराचे कळफलकावरचे हात थांबले.

हे म्हणाले, “बघू.”

आठही माना वळल्या. मला कळलं. किती महिन्यांनी! पण ते मला काही मागत नव्हते. ते त्या सगळ्या बायकांना विचारत होते. रोज संध्याकाळी एक बाई घरी येते, चांगली आहे, सगळं करते. पण माझी कुमुद कुठे आहे?

फ्लोराच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “ताई,” ती म्हणाली, “ते तुम्हाला शोधतायत.”

“मी इथंच आहे हो,” मी म्हटलं आणि त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ओळख पटली त्यांना, मी शपथेवर सांगते, पटली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि उरलेल्या सातजणी आमच्याकडे.

फोन वाजला. फोन आमच्याकडून जायचा असतो, आमच्याकडे यायचा नसतो. एका तालुक्याच्या रुग्णालयातली सिस्टर ओरडत होती, म्हातारबाबांची प्राणवायूची नळी निसटलीय, तुम्ही झोपलात की काय? ती योगायोगाने खाटेजवळून जात होती म्हणून तिला दिसलं. समोरच्या पडद्यावर तो आकडा लाल होऊन लुकलुकत होता आणि आमच्या आठ जणींपैकी एकीलाही तो दिसला नव्हता. आमचा सगळ्यांचा ठेका ह्यांच्याइतका संथ झाला होता.

सबनिसांनी पट्टी काढली. ह्यांचा उजवा हात, जो इतक्या वर्षांत हलला नव्हता, तो बोटांपासून कोपरापर्यंत थरथरत होता. झटक्याची ती सुरुवात होती. औषध देऊन तो थांबवला. पेढ्यांचं ताट तसंच राहिलं.

“परत नाही, कुमुदताई,” एवढंच सबनीस म्हणाले. मला ते आधीच कळलं होतं.

मी नोकरी सोडली. बदली बाई जुळेपर्यंत थांबले आणि मग सोडली. शेवटच्या दिवशी माझी पट्टी उतरवली तेव्हा खोलीतला आवाज एकदम बंद झाल्यासारखं वाटलं, खरं तर सगळे बोलत होते. फ्लोरा दारापर्यंत आली. तिच्यात आणि माझ्यात आता काही जुळत नव्हतं, ती काय म्हणणार हे मला आधी कळलं नाही. ती म्हणाली, “येत जा हं ताई.”

आता मी पूर्वीसारखीच ह्यांच्या खाटेजवळ बसते. टेबल काढून टाकलं आहे. सबनीस म्हणतात, शेजारी बसत राहा, संथ बसा, आलं तर तसंच येईल. मी संथ बसते. ह्यांचा श्वास मोजून आपला त्याच्याशी जुळवते. काही येत नाही. बसून बसून मलाच कंटाळा येतो आणि कंटाळा आला म्हणून मेल्याहून मेल्यासारखं होतं. नोकरी गेली, तिकडचा मेळ गेला, आणि ज्याच्यासाठी गेलं ते हाताला लागत नाही.

परवा दुपारी हे म्हणाले, “बघू.”

मी विचारलं, उशी? डोळे मिटले. पंखा? डोळे मिटले. रेडिओ लावू? कूस बदलू? पेपर वाचू? डोळे मिटले, उघडले, मिटले. माझा आवाज चढत गेला. मला माहीत आहे तो चढला, ते पाहत होते माझ्याकडे. “मग काय हवंय हो तुम्हाला?” असं मी म्हटलं आणि मला रडू आलं.

“पाणी?” मी विचारलं.

त्यांनी मान हलवली.

मला इतका आनंद झाला की मी धावतच गेले. पेला तोंडाला लावला. ते एकेक घोट घेत सगळं पाणी प्यायले आणि पुन्हा मान हलवली, म्हणजे हेच हवं होतं. मी त्यांचं तोंड पुसलं. त्यांना थोपटलं. मला वाटलं, येतंय परत, सबनिसांना फोन करून सांगायला हवं.

थोड्या वेळाने चादर ओली झालेली दिसली. त्यांना लघवीला जायचं होतं. जागचं हलता येत नव्हतं, बायकोला कळत नव्हतं, तिचं रडणं बघवत नव्हतं, म्हणून तुंबलेल्या पोटावर त्यांनी पेलाभर पाणी पिऊन घेतलं होतं.

मी चादर बदलली, त्यांना कोरडं केलं, दुसरा पायजमा घातला. ते भिंतीकडे तोंड करून होते. सगळं झाल्यावर त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, “बघू.”

मला काहीही कळलं नाही. मी म्हटलं, “हो, कळलं मला.”

त्यांनी मान हलवली.